उन्हाळ्यात घरच्या घरी चित्रांची पुस्तकं: कुठली निवडायची आणि कशी वाचायची

सुट्टी लागली की पहिले काही दिवस मजेत जातात आणि मग दुपार अंगावर यायला लागते. बाहेर ऊन, घरात दोन ते सहा वर्षांचं एखादं पोर, आणि "मी आता काय करू" हा प्रश्न दर दहा मिनिटांनी. अशा वेळी चित्रांची पुस्तकं फार कामाला येतात, पण एक अट आहे, ती अभ्यासाची पुस्तकं नसावीत आणि वाचताना आपण मास्तर होऊ नये. अक्षरओळख नसलेलं मूलसुद्धा वाचतच असतं, ते चित्र वाचतं आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतं, कारण आपली नजर सवयीनं थेट ओळींवर जाते आणि चित्राकडे आपण जाता जाता बघतो. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तक असं निवडा ज्याच्या चित्रात वाचण्यासारखं काहीतरी आहे, आणि मग मुलाच्या आणि चित्राच्या मधे फार कडमडू नका.

आता पहिली गोष्ट, चित्र असलेलं प्रत्येक पुस्तक हे चित्रांचं पुस्तक नसतं. बऱ्याच पुस्तकांत गोष्ट पूर्ण शब्दात असते आणि चित्र शोभेला, म्हणजे "राजा सिंहासनावर बसला होता" असं लिहिलेलं आणि शेजारी सिंहासनावर बसलेला राजा, झालं. असं पुस्तक वाईट असतं असं नाही पण ते ऐकायचं पुस्तक आहे, बघायचं नाही. ओळखायची सोपी युक्ती सांगते, पुस्तक हातात घ्या, ओळी हातानं झाका आणि फक्त चित्रं बघत पानं उलटा. काहीतरी घडतंय, कोणीतरी काहीतरी करायला निघालंय, मधेच काहीतरी गडबड झालीये असं कळलं तर घ्या. सगळी पानं सारखीच, सगळे प्राणी समोर बघून हसतायत आणि कोणीच काही करत नाहीये, तर ठेवून द्या.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचं १९६८ चं 'रोझीज वॉक'. एक कोंबडी फिरायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी असं करत जेवायच्या वेळेला घरी परत येते, बस, अख्ख्या पुस्तकाचा मजकूर म्हणजे एकच लांब वाक्य आहे. पण चित्रात तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे, तो कधी दाताळ्यावर पाय देतो कधी तळ्यात पडतो, आणि मजकुरात कोल्ह्याचा क सुद्धा नाही. म्हणजे वाचून दाखवणारा मोठा माणूस शांतपणे कोंबडीबद्दल बोलतोय आणि मूल ओरडतंय "अगं मागे बघ ना मागे!" वाचणाऱ्याला माहीत नाही ते मला माहीत आहे, हा जो आनंद आहे ना, तो तीन-चार वर्षांच्या मुलाला रोजच्या आयुष्यात फार कमी वेळा मिळतो, एरवी सगळं आपल्यालाच माहीत असतं. असं पुस्तक मिळालं की मूल ते सोडत नाही.

वयाप्रमाणे काय निवडायचं

हे अगदी काटेकोर नसतं, मुलं पुढेमागे असतात, पण साधारण अंदाज म्हणून सांगते.

एक वर्षाच्या आतबाहेर असेल तर जाड पुठ्ठ्याच्या पानांचं बोर्ड बुक, गोल कोपऱ्यांचं. पानावर एकच वस्तू किंवा एकच चेहरा, मागे पांढरं किंवा एकरंगी. चेहरे बाळांना फार आवडतात, त्यातही रडणारं बाळ, झोपलेलं बाळ वगैरे. अगदी तान्ह्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं त्यामुळे पुस्तक जवळ धरा, आणि गडद-फिकट फरक असलेली चित्रं निवडा. बाळ पुस्तक चावणार, फेकणार, उलटं धरणार, हे सगळं त्या वयाचं वाचनच आहे, हिसकावून घेऊ नका. इतक्या लहानाला काय वाचून दाखवायचं असं कोणी म्हणालं तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१४ पासून बाळपणापासूनच मोठ्यानं वाचून दाखवा असं सांगतेय, ते ऐकवा.

दीड-दोन ते तीन म्हणजे हातांचं वय. या वयाला पानात काहीतरी करायला हवं. एरिक हिल यांचं १९८० चं 'व्हेअर्स स्पॉट?' याच कल्पनेवर चाललं, दार उघडा, पेटीचं झाकण उचला, मागे कुत्र्याचं पिल्लू आहे का बघा. एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' मध्ये सुरवंटानं खाल्लेल्या जागी खरोखर भोकं आहेत आणि पोरं त्यात बोट घालून घालून ती भोकं मोठी करतात. झडपा, भोकं, लहानमोठी पानं, हात लावून बघायचे खरखरीत-मऊ तुकडे, हे सगळं या वयाला लागू. झडपा फाटतात हे गृहीत धरा, आणि कोणाकडून आणलेलं पुस्तक असेल तर झडपेवर आधीच उलट्या बाजूनं चिकटपट्टी लावून ठेवायच्या भानगडीत पडू नका, परत करताना पंचाईत होते.

बटण दाबलं की आवाज येणारी पुस्तकं मात्र मला स्वतःला अजिबात आवडत नाहीत. मूल चित्र बघतच नाही, बटणच दाबत बसतं, आणि भर दुपारी सगळ्या घराचं डोकं उठतं.

तीन-चारच्या मुलांना पुन्हा पुन्हा येणारी ओळ लागते. दर पानावर तेच वाक्य आणि शेवटी एकच गोष्ट बदलणारी, किंवा प्रत्येक पानावर एकेक जण रांगेत वाढत जाणारा, अशी रचना असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मूल ती ओळ आपल्याआधी म्हणतं आणि त्याला वाटतं आपण वाचतोय. वाटू दे, ते बरंच खरंही आहे. शिवाय या वयात पुढे काय होणार याचा अंदाज बांधायला यायला लागतो, तर पान उलटायच्या आधी काहीतरी अर्धवट दिसणारं, म्हणजे कोपऱ्यात नुसती शेपटी दिसतेय, असलं पुस्तक फार चालतं.

चार ते सहा हा खरा सुगीचा काळ. आता चित्रातला विनोद कळतो, कोण खोटं बोलतंय ते चेहऱ्यावरून कळतं, आणि शब्दच नसलेली पुस्तकं द्यायला हीच वेळ आहे. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं 'द स्नोमॅन' अख्खं शब्दांशिवाय आहे, बर्फाच्या माणसाची गोष्ट, भर उन्हाळ्यात बघायला तर आणखीनच मजा. अशा पुस्तकांची मोठ्यांना जरा भीती वाटते, काय वाचायचं यात, पण तुम्ही काहीच वाचायचं नाही, मुलाला सांगायला लावायचं. घरात एखाद्या आजी-आजोबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर त्यांच्यासाठीही हा उत्तम मार्ग, चष्मा शोधायचीही गरज नाही.

आणि एक प्रकार म्हणजे गर्दीच्या चित्रांची पुस्तकं. मोठ्ठं पान, त्यात रस्ता, बाजार, पोहण्याचा तलाव, रेल्वे स्टेशन, शंभर माणसं शंभर उद्योग करतायत. जर्मनीत या प्रकाराची मोठी परंपरा आहे, चित्रकार अली मिटगुच यांचं असलं पहिलं पुस्तक १९६८ चं. उन्हाळ्याच्या लांब दुपारीला यापेक्षा चांगलं काही नाही कारण ते संपतच नाही, एकाच पानावर मूल पालथं पडून कितीही वेळ काढू शकतं आणि तुम्हाला तिथे असण्याचीही गरज नसते. "तुला कुत्रा पळवून नेतोय तो बूट सापडला का" एवढं विचारायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

काही मुलांना गोष्टीच नको असतात, त्यांना फक्त ट्रक, किडे, डायनासोर, माणसाच्या पोटात काय असतं हेच हवं असतं. ते पण चित्रांचं पुस्तकच आहे, नाक मुरडू नका. चित्र आणि शेजारी त्यातल्या गोष्टींची नावं ही पद्धत तर १६५८ मध्ये कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञांनी केलेल्या लॅटिन-जर्मन चित्रपुस्तकापासून चालत आलीये.

वाचायचं कसं

बहुतेक चित्रपुस्तकं बत्तीस पानांची असतात हे तुमच्या लक्षात आलं असेल. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की आठ किंवा सोळाच्या पटीत पानं होतात, म्हणून तो आकडा रुळलाय. आपल्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच की एक पुस्तक साधारण दहा मिनिटांचं काम आहे. म्हणजे "आता वेळ नाही" ही सबब फारशी चालत नाही, आणि उलट बाजूनं तासभर बसवून ठेवायचाही आग्रह नको. सकाळी एक, दुपारी झोपेआधी दोन, रात्री एक, असं तुकड्या-तुकड्यानं झालं तरी भरपूर झालं.

मुखपृष्ठापासून सुरू करा, आणि आतलं पहिलं कोरं-रंगीत पान घाईनं उलटू नका, बरेच चित्रकार तिथेच काहीतरी लपवून ठेवतात, गोष्ट सुरू व्हायच्या आधीची गोष्ट तिथे असते. मग प्रत्येक पान उघडलं की लगेच वाचायला सुरुवात करायची नाही. दोन-तीन सेकंद गप्प. हे लिहायला सोपं आहे पण करून बघा, किती अवघड जातं ते, आपल्याला ती शांतता सहनच होत नाही. पण त्या तीन सेकंदात मुलाची नजर पानभर फिरते, काहीतरी सापडतं, बोट जातं. मग वाचा. आणि पान उलटायचं काम शक्यतो मुलाकडे द्या, कारण चित्रपुस्तकातला सस्पेन्स सगळा पान उलटण्यात असतो आणि तो ज्याच्या हातात, त्याची मजा जास्त.

दोन्ही पानांवर खच्चून चित्रं असली तर लहान मूल गोंधळतं, तुम्ही डावीकडचं वाचताय आणि ते उजवीकडचं बघतंय. हे खरंच तपासलेलं आहे, झो फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की एका वेळी एकच चित्र समोर असेल तर छोटी मुलं नवे शब्द जास्त शिकतात, आणि दोन चित्रं असतील तर वाचणाऱ्यानं आधी योग्य पानाकडे हात केला तरी तो तोटा भरून निघतो. म्हणजे उपाय फुकटचा आहे, बोट ठेवा.

प्रश्न विचारण्याबद्दल जरा जास्त बोलते कारण सगळी माती इथेच होते. "हा कोण? हत्ती. त्याचा रंग कुठला? किती पाय? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" असं सुरू झालं की पुस्तक बंद, तोंडी परीक्षा चालू. मूल एक-दोन दिवस उत्तरं देतं, मग पुस्तक बघितलं की पळतं. त्यापेक्षा ज्याचं उत्तर तुम्हालाही नक्की माहीत नाही असं विचारा, "हा असा का बघतोय गं?", "आता काय करेल हा?", "तू असतीस तर?" आणि मुलानं एक शब्द बोलला की त्याला दोन शब्द जोडून परत द्या, ते म्हणालं "पडला", तर आपण "हो ना, धप्पकन पाण्यात पडला". ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच करून बघितलं होतं, दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर असं वाचायला शिकवलं, मोकळे प्रश्न, मुलाचं वाक्य वाढवून परत देणं, मुलाला जास्त बोलू देणं, आणि ती मुलं बोलण्यात नुसतंच वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. एक महिना म्हणजे सुट्टीपेक्षा कमीच झाला की.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं त्याचा एक नमुना देते. समजा पानावर एकच ओळ आहे, "मनी घरी आली." चित्रात उघडी खिडकी, खिडकीपासून पलंगापर्यंत ओल्या पंज्यांचे ठसे, पांघरुणात एक उंचवटा, आणि दाराशी हात कमरेवर ठेवून उभी असलेली एक बाई.

आई वाचते, "मनी घरी आली." आणि थांबते.

"कुठेय?"

"हो गं, कुठेय? मला पण दिसत नाहीये."

"इथे. इथे. इथे." बोट एकेका ठशावरून चालत जातं. "आत आहे! झोपलीये!"

"अगंबाई, ओल्या पायांनी पांघरुणात?"

"आई रागावली."

"रागावली का? कशावरून?"

यावर ती पोरगी काही न बोलता उठून दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहते.

आता बघा, आईनं किती कमी काम केलं. ठसे तिनं दाखवले नाहीत, "मांजर" शब्द विचारला नाही, ओलं का झालं याचा तास घेतला नाही. पुढच्या वेळी कदाचित मुलगीच विचारेल की बाहेर पाऊस आहे का, नाही विचारलं तरी काही बिघडत नाही.

पुस्तक दुसऱ्या भाषेत असेल तर अडून बसू नका. चित्र बघून आपल्या बोलीत, आपण घरी बोलतो तसं सांगा, ओळ न ओळ भाषांतर करायची गरज नाही. चार-पाच पुस्तकं तरी मराठीतली असू द्या मात्र, कारण लिहिलेल्या मराठीची लय वेगळी असते आणि ती कानावर पडायला हवी.

मधेच मूल उठून पळालं, उड्या मारायला लागलं तर? वाचत राहा. अर्धी मुलं हलत-हलतच ऐकतात. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' मध्ये तर चित्रं पानागणिक मोठी होत जातात आणि शेवटी एकही शब्द नसलेली धिंगाण्याची सलग तीन जोडपानं येतात, तिथे धिंगाणा घालायचाच असतो, आसपासची टेबलं फक्त बाजूला करा.

तेच पुस्तक पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा

याला कंटाळून नाकी नऊ येतात, मान्य. पण मुलं उगाच मागत नाहीत. हॉर्स्ट यांचाच आधीचा, २०११ मधला एक अभ्यास आहे, त्यात तीन वर्षांच्या काही मुलांना एकच गोष्ट परत परत ऐकवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी, नवे शब्द मात्र दोघांनाही तितक्याच वेळा ऐकू आले. एकच गोष्ट ऐकलेल्यांना ते शब्द जास्त लक्षात राहिले. पहिल्या वेळी मूल गोष्टीच्या मागे धावत असतं, गोष्ट माहीत झाली की मग शब्दांकडे आणि चित्राच्या कोपऱ्यांकडे लक्ष जातं. त्यामुळे घरात चाळीस पुस्तकं हवीत असं काही नाही, आठ-दहा चांगली पुरतात.

आपला जीव वाचवायचे काही मार्ग आहेत. एक शब्द मुद्दाम चुकीचा वाचायचा, कोंबडीऐवजी म्हैस, पोरं खिदळत दुरुस्त करतात. आवाज बदलायचा, एकदा कुजबुजत, एकदा बातम्या देतात तसं. "आज तू मला वाचून दाखव, मी दमलेय" म्हणून आडवं व्हायचं, पाठ असलेलं पुस्तक मूल पानाप्रमाणे बरोब्बर म्हणून दाखवतं. फोनवर आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर पुस्तक हातात घेऊन मूल ऐकत ऐकत पानं उलटू शकतं, फक्त पान उलटायच्या वेळी चमच्यानं ताटलीवर टिंग करा म्हणजे त्याला कळेल. लांबच्या आजीनं व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायचं असेल तर तिच्याकडे एक प्रत आणि मुलाकडे दुसरी अशी सोय झाली तर उत्तम, नाहीतर कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरून पान स्थिर ठेवायचं आणि वाचणाऱ्याचा चेहरा दिसला नाही तरी चालतं, चित्र दिसलं पाहिजे.

घरात पुस्तकं ठेवायची कुठे

कपाटात पुस्तकांचा कणा, म्हणजे नाव छापलेली अरुंद बाजू, तेवढाच दिसेल अशी रांग लावून ठेवली तर लहान मुलाला ती दिसतच नाहीत, त्याला कणा वाचता येत नाही. मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवा, खाली, हाताला येतील अशी, भिंतीला टेकवून, खोक्यात उभी, कशीही. एका वेळी सात-आठच बाहेर, बाकीची उचलून ठेवायची आणि आठवड्यानं अदलाबदल करायची, परत आलेलं जुनं पुस्तक नव्यासारखं वाटतं. पलंगाशी दोन, जिथे मूल जमिनीवर लोळतं तिथे दोन, बाहेर जायच्या पिशवीत एक पातळसं.

जागेचं म्हणाल तर दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेलं घर आणि आत बॅटरी, याला तोड नाही. पण भर उन्हाच्या वेळी चादरीखाली फार उकडतं, तेव्हा जमिनीवर, पंख्याखाली, पालथं पडून. उन्हात किंवा बंद गाडीत पुस्तकं विसरू नका, डिंक सुटतो आणि पुठ्ठा वाकडा होतो, रंगही उडतात. आंघोळीची प्लॅस्टिकची पुस्तकं असतील तर शिवणीत पाणी राहून आत काळी बुरशी धरते, दर वेळी दाबून पाणी काढून उभं करून वाळवा, वास यायला लागला की टाकून द्या.

सुट्टीत भावंडं जमतात, दोन वर्षांचं आणि सात वर्षांचं एकत्र, तेव्हा मोठ्याला वाचनाची जबाबदारी द्या. मोठ्याला "हे बाळांचं पुस्तक आहे" म्हणायची लाज वाटत असते ना, त्याला छोट्याला वाचून दाखवायचं निमित्त मिळालं की तोही मनसोक्त वाचतो. अक्षरं नुकती शिकलेल्या मुलाला तर हे फारच बरं, कारण चित्राच्या आधारानं अडलेला शब्द सुटतो. त्याचं चित्रपुस्तक काढून घेऊन लगेच जाड पुस्तक हातात देऊ नका, नुकतं चालायला लागलेल्याचा हात सोडण्यासारखं होतं ते.

नवीन पुस्तकं दर वेळी विकतच आणायला हवीत असं नाही. लायब्ररी असेल तर मुलाला घेऊन जा आणि त्यालाच निवडू द्या, त्यानं तुमच्या मते भयानक पुस्तक उचललं तरी. तीन त्याची, एक आपली, असा करार करा. ओळखीच्या दोन-तीन घरांनी पंधरा दिवसांसाठी पुस्तकांची अदलाबदल केली तरी सुट्टी निघते.

स्क्रीनवर वाचलं तर चालेल का

चालेल, पण कसं ते बघा. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेलं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहे, त्यावर मराठीसकट खूप भाषांतली चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, डाउनलोड करता येतात, वाचनाच्या पातळ्याही दिलेल्या आहेत. फोन मुलाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं मात्र नाही. अमेरिकेत टिफनी मुन्झर यांच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की छापील पुस्तक वाचताना आईबाप आणि छोटी मुलं एकमेकांशी जास्त बोलतात, टॅबलेटवर बोलणं कमी होतं आणि जे होतं त्यात "तिथे हात लावू नको", "ते बटण दाबू नको" हेच. तर टॅबलेट तुम्ही धरा, आपोआप वाचणारा आवाज बंद, नोटिफिकेशन बंद, आणि पान पुढे सरकवायला मुलाचं बोट. आवडलेली गोष्ट प्रिंट काढून टाचली तर अजून बरं, मग ती पलंगाखाली सापडू शकते.

आपलं स्वतःचं पुस्तक

दुपारचा एक तास जातो आणि मुलं यावर खूश असतात. एक साधा ए-फोर कागद आणि कात्री. कागद लांबीच्या बाजूनं अर्धा दुमडा, उघडा. मग रुंदीच्या बाजूनं अर्धा, परत त्याच दिशेनं अर्धा, आणि पूर्ण उघडा, आठ चौकोन दिसतील. आता रुंदीच्या बाजूनं एकदाच अर्धा दुमडा आणि जिथे घडी बंद आहे त्या बाजूनं, मधल्या आडव्या रेषेवर, पुढच्या घडीपर्यंतच कापा, म्हणजे एकच चौकोन, पुढे जाऊ नका. उघडलं की कागदाच्या मधोमध एक फट दिसेल. परत लांबीनं अर्धा दुमडा, दोन्ही टोकं धरून मधे ढकला, फट उघडून अधिकचं चिन्ह झाल्यासारखं दिसेल, मग पानं एकावर एक फिरवा. आठ पानांचं पुस्तक, डिंक नाही, टाचणी नाही.

पानं भरायला गोष्ट सुचत नाही म्हणतात मुलं, तेव्हा "आज काय काय झालं" एवढं पुरतं. मूल चित्र काढेल, वाक्य ते सांगेल आणि तुम्ही त्याच्याच शब्दात लिहायचं, अगदी "मग मला खूप राग आला आणि चप्पल हरवली" असं तुटक असलं तरी. सुधारू नका. नाव घाला, मागे तारीख टाका, आणि बाकीच्या पुस्तकांत ठेवा.

काय टाळायचं ते पटकन. दर पानावर शिकवण देणारी पुस्तकं, म्हणजे दात घासा, हट्ट करू नका, वाटून घ्या, अशी एखादी चालेल पण सगळीच तशी नकोत, मुलांना वास येतो. भीतीचं पुस्तक आधी स्वतः चाळून घ्या आणि झोपायच्या वेळेऐवजी दिवसा वाचा, वाईट प्राणी आला की मूल मिठी मारतं आणि परत तेच पान मागतं, ते ठीक आहे, पण रडून पान झाकत असेल तर सहा महिने बाजूला ठेवा. भिंतीवर तक्ता लावून किती पुस्तकं झाली त्याचे स्टार देणं मला पटत नाही, मुलं मग पातळ पुस्तकं शोधतात.

आणि फाटणारच. साधी पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांनी पिवळी पडते पण घरातल्या पुस्तकाला चालते, दोन्ही बाजूंनी लावा, फाटलेल्या कडा आधी नीट जुळवून. फाडायचीच हौस असलेल्या दीड वर्षाच्याला फाडायला जुनी मासिकं वेगळी द्या, आणि पातळ कागदाची पुस्तकं तुमच्या मांडीवर बसूनच.